इतिहासाचे नकाशे आणि कम्युनिस्ट सत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नकाशांविषयी लिहिताना काही प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले इतिहासाच्या ॲटलासांबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून जास्त उत्तरं चीनची आहेत. कम्युनिस्ट राजवटीत तयार झालेल्या ॲटलासांपैकी चीनचा ॲटलास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची दक्षिणेकडची रेषा थेट आपल्या सीमेवर येते.

१. ऐतिहासिक ॲटलास म्हणजे जुन्या नकाशांचा संग्रहच ना?

नाही, आणि पुढचं बरंच काही या फरकावर उभं आहे. जुना नकाशा म्हणजे त्या काळच्या माणसाने, त्या काळच्या माहितीवर काढलेला नकाशा. ऐतिहासिक ॲटलासातला नकाशा आजचा माणूस काढतो: ग्रंथ, शिलालेख, प्रशासकीय नोंदी वाचतो आणि ‘त्या वर्षी सीमा इथे होती’ असं ठरवतो. पहिला नकाशा हा पुरावा आहे. दुसरा हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. छपाई सुबक असली की दोन्ही सारखेच खात्रीचे वाटतात, आणि शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशाला ‘हे कशावरून?’ असं सहसा कोणी विचारत नाही.

२. नकाशा मोजमापावर चालतो. त्यात प्रचार कसा घुसवणार?

मोजमापाला हात न लावता घुसवता येतो. नद्या, डोंगर, शहरं सगळी जागच्या जागी ठेवायची आणि बाकीचे निर्णय आपल्या सोयीने घ्यायचे. कोणत्या वर्षाचा नकाशा काढायचा? कोणता प्रदेश कोणत्या रंगात रंगवायचा? खंडणी देणारं राज्य अंकित मानायचं की शेजारी? सीमारेषा अखंड काढायची की तुटक? गावाचं नाव कोणत्या भाषेतलं छापायचं? आजच्या सीमा खाली फिकट रंगात दाखवायच्या का? प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन प्रामाणिक उत्तरं संभवतात. सगळी उत्तरं एकाच दिशेला झुकलेली दिसली की समजावं, कोणीतरी दिशा ठरवून दिली आहे.

माझं मत सरळ सांगतो. अशा ॲटलासात ठिपके बहुधा खरे असतात. शंका घ्यायची ती चौकटीवर, म्हणजे वर्ष, रंग आणि बाहेरची रेषा यांवर.

३. साम्यवादी राजवटींना याची एवढी गरज का पडली? त्यांचा तर राष्ट्रापेक्षा वर्गावर भर होता.

सुरुवातीला होता. सोव्हिएत आणि चिनी शालेय नकाशांत शेतकऱ्यांच्या उठावांचे लाल बाण ठळक दिसतात, ते त्याचमुळे. रशियात राझिन आणि पुगाचोव्ह, चीनमध्ये थायफिंग. पण सत्ता आल्यावर या राजवटींच्या हाती आल्या त्या जुन्या साम्राज्यांच्या सीमा. झारची जमीन सोडायची नव्हती आणि झारचं समर्थनही करायचं नव्हतं. चीनच्या शेवटच्या राजघराण्याची, छिंग सम्राटांची, जमीन हवी होती, पण सम्राट ‘सरंजामी’ ठरले होते. मग ‘ही जमीन सम्राटाने जिंकली’ असं न म्हणता ‘इथले लोक आधीपासून एकाच कुटुंबातले’ असं म्हणणं भाग पडलं. या वाक्याला भूतकाळाचा नकाशा लागतो. त्यातून छपाई, शाळा आणि परवाने सगळं पक्षाच्या हातात, त्यामुळे दुसरा नकाशा बाजारात यायची शक्यताच नव्हती. बाकीच्या देशांपेक्षा वेगळेपण आहे ते इथे. (प्रश्न १४ पाहा.)

४. सोव्हिएत नकाशे मुद्दाम चुकीचे छापत असत असं ऐकलं आहे. ते हेच का?

ते प्रकरण वेगळं. सप्टेंबर १९८८ मध्ये सोव्हिएत नकाशा खात्याचे प्रमुख व्हिक्टर याश्चेन्को यांनी ‘इझ्वेस्तिया’ या दैनिकात उघडपणे सांगितलं की जवळपास पन्नास वर्षं जनतेसाठीच्या नकाशांत रस्ते, नद्या, वस्त्या मुद्दाम सरकवल्या जात होत्या. शत्रूच्या विमानांना उपयोग होऊ नये हा त्यामागचा हेतू. पण १९८८ पर्यंत उपग्रह आकाशात फिरून वर्षं लोटली होती. फसत होते ते आपल्याच देशातले प्रवासी आणि भूगर्भशास्त्रज्ञ.

ती लष्करी गुप्ततेपोटी केलेली खोड होती. इतिहासाच्या ॲटलासात ठिपके सरकवायची गरजच पडत नाही.

५. मग सोव्हिएत इतिहासाच्या नकाशांत काय केलं जायचं?

मुख्य काम शब्दांनी आणि गाळण्याने व्हायचं. १७ सप्टेंबर १९३९ ला लाल सेना पूर्व पोलंडमध्ये शिरली. शालेय नकाशांत हे ‘पश्चिम युक्रेन आणि पश्चिम बेलारूस यांचं पुनर्मीलन’ म्हणून आलं. त्याआधी महिनाभरापूर्वी जर्मनीशी झालेल्या कराराचा गुप्त भाग कुठेच नव्हता. २८ सप्टेंबर १९३९ च्या ज्या नकाशावर वाटणीची रेषा ओढली गेली, त्यावर स्टालिनची भलीमोठी सही आहे. असा गुप्त मसुदा होता हे मॉस्कोने मान्य केलं ते डिसेंबर १९८९ मध्ये. म्हणजे सर्वांत खरा नकाशा पन्नास वर्षं कपाटात आणि दुसराच वर्गात. बाल्टिक देश १९४० मध्ये ‘स्वेच्छेने सामील’ झाले. अमेरिकेने ते कधीच मान्य केलं नाही आणि आपल्या नकाशांवर तशी टीप छापत राहिली.

युक्रेनी कोसॅक आणि रशियाचा झार यांच्यातल्या १६५४ च्या पेरेयास्लाव्ह कराराचंही तसंच. जानेवारी १९५४ मध्ये, त्याच्या त्रिशतकानिमित्त, पक्षाच्या केंद्रीय समितीने अधिकृत मांडणीच मंजूर केली: युक्रेनचं रशियाशी ‘पुनर्मीलन’. त्यानंतर ‘लष्करी तह’ किंवा ‘विलीनीकरण’ असं लिहायला इतिहासकार मोकळे राहिले नाहीत. नकाशाच्या सूचीत (रंगखुणांचा अर्थ सांगणाऱ्या यादीत) एक शब्द बदलला आणि तीनशे वर्षांचा अर्थ बदलला.

६. पूर्व युरोपातल्या छोट्या देशांनीही असे ॲटलास काढले का?

काढले, आणि पोलंडचं उदाहरण मनाला लागतं. १९४५ नंतर पोलंड नकाशावर अख्खाच्या अख्खा पश्चिमेला सरकला. ल्वूव आणि विल्नो ही शहरं सोव्हिएत संघाकडे गेली, बदल्यात जर्मनीकडून ओडर-नायसे नद्यांपर्यंतचा प्रदेश मिळाला. त्याला अधिकृत नाव मिळालं ‘परत मिळवलेले प्रदेश’. त्या नावाचं स्वतंत्र मंत्रालय १९४५ ते १९४९ पर्यंत होतं आणि कम्युनिस्ट नेते गोमुल्का त्याचे मंत्री होते. मग शाळांतून दहाव्या शतकातल्या प्यास्ट राजांच्या पोलंडचे नकाशे झळकू लागले, कारण त्यांची आकृती १९४५ नंतरच्या पोलंडशी बरीच जुळते. मधल्या काही शतकांचा पूर्वेकडे पसरलेला पोलंड मागे पडला. जर्मनीकडून मिळालेल्या ब्रेसलाऊ शहरातून हाकललेले जर्मन आणि ल्वूवमधून उठून तिथे आलेले पोलिश, दोघांच्याही वेदनेला त्या जुळणाऱ्या आकृतीत जागा नव्हती.

रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९८० साली प्राचीन राजा बुरेबिस्ताच्या ‘एकसंध, केंद्रीभूत’ डाशियन राज्याचा २०५० वा वर्धापनदिन साजरा केला. डाशियाची आकृती आजच्या रुमानियावर बसवायची, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियावर हंगेरीचा हक्क उरत नाही.

७. चीनचा तो प्रसिद्ध ॲटलास कधी आणि कसा सुरू झाला?

‘चीनचा ऐतिहासिक नकाशासंग्रह’, आठ खंड, संपादक थान छीश्यांग. सुरुवात १९५४ मध्ये माओ त्से-तुंग यांच्या एका इच्छेतून झाली. माओंना सुंग काळातला सुमा ग्वांगचा प्रचंड इतिहासग्रंथ वाचायची आवड होती आणि वाचताना शेजारी नकाशा हवा असे. छिंग काळाच्या अखेरीस यांग शौजिंग या विद्वानाने काढलेले नकाशे होते, पण जुन्या पद्धतीचे आणि हाताळायला अवघड. ते आधुनिक पायाभूत नकाशावर नव्याने काढावेत असं माओंचं इतिहासकार वू हान यांच्याशी बोलणं झालं. (हे माणसाचं नाव, वुहान शहराशी संबंध नाही.) वू हान तेव्हा बीजिंगचे उपमहापौर होते. त्यांनी शांघायच्या फुदान विद्यापीठातून थान यांना बोलावलं. १९५५ च्या सुरुवातीला थान बीजिंगला आले.

काम थोडक्यात आटपेल असा अंदाज होता. पण यांग यांचे नकाशे मुख्यतः चीनच्या आतल्या भागापुरते होते. नव्या राजवटीला मंगोलिया, मांचुरिया, शिनजियांग, तिबेट, युन्नान हे सगळं त्यात हवं होतं. मग नानजिंग, युन्नान, बीजिंग इथले तज्ज्ञ जोडले गेले. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती आली आणि काम बंद पडलं. वू हान त्याआधीच, नोव्हेंबर १९६५ मध्ये, लक्ष्य झाले होते. १९६९ मध्ये ते तुरुंगात वारले. त्याच वर्षी ॲटलासचं काम पुन्हा सुरू करण्यात आलं. १९७४ पासून तो ‘अंतर्गत वापरासाठी’ छापला गेला आणि सुधारलेली सार्वजनिक आवृत्ती १९८२ पासून पुढे काही वर्षांत खंडाखंडाने आली. ३०४ नकाशे, सुमारे ७०,००० स्थळनामं.

८. ‘ऐतिहासिक चीन’ म्हणजे नक्की कुठवर? ही व्याख्या कोणी केली?

या ॲटलासचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य कोणत्याच नकाशावर छापलेलं नाही, म्हणून या प्रश्नाला जरा वेळ देतो.

चिनी राजघराण्यांच्या सीमा सतत आक्रसत-फुगत होत्या. सुंग काळात उत्तरेला लियाव आणि जिन ही वेगळी राज्यं होती. मिंग काळात मंगोल बाहेरच राहिले. मग ‘चीनचा इतिहास’ दाखवताना कागदाची कड कुठे धरायची? थान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं: छिंग साम्राज्याने एकीकरण पूर्ण केल्यानंतरची आणि साम्राज्यवाद्यांचं आक्रमण सुरू होण्याआधीची सीमा. म्हणजे १७५० च्या दशकापासून १८४० पर्यंतची. त्या आकृतीत जे जे बसतं, ते सगळं कोणत्याही काळात ‘ऐतिहासिक चीन’चा भाग, मग तिथे तेव्हा हूण राज्य करोत, तिबेटी सम्राट करोत वा मंगोल खान. थान यांनी १९८१ मध्ये बीजिंगच्या एका परिषदेत ही भूमिका सविस्तर मांडली.

व्याख्या स्पष्ट आहे आणि सगळीकडे सारखी लावली आहे, हे मान्य करायला हवं. राजघराणं म्हणजेच चीन असं मानण्यापेक्षा तिच्यात एक उदारपणाही आहे: लियाव, जिन, तिबेटी यांना रानटी आक्रमक न मानता इतिहासाचे समान वाटेकरी मानलं आहे. पण परिणाम पाहा. अठराव्या शतकात सैन्याच्या बळावर जिंकलेला प्रदेश दोन हजार वर्षं मागे जाऊन ‘आधीपासूनचा’ ठरतो. छिंग सैन्याने १७५० च्या दशकात झुंगर मंगोलांचं राज्य नष्ट केलं, त्यांची लोकसंख्या जवळपास संपली. या चौकटीत ते परराज्यावरचं आक्रमण उरत नाही, देशांतर्गत एकीकरण होतं. आपलं राज्य असलेले लोक त्यांना न विचारता दुसऱ्याच्या इतिहासात सामावले जातात, याचा मला त्रास होतो, आणि नकाशांची छपाई कितीही देखणी असली तरी तो कमी होत नाही.

९. एकेका राजघराण्यासाठी एकेकच वर्ष का निवडलं आहे? ते कसं ठरवलं?

तीनशे वर्षांची राजवट एका पानावर दाखवायची तर एक वर्ष धरावंच लागतं. त्याला ‘प्रमाण वर्ष’ म्हणू. या ॲटलासात मोठ्या राजघराण्यांना दोन किंवा तीन प्रमाण वर्षं दिली आहेत. थांगसाठी ६६९, ७४१ आणि ८२०. मिंगसाठी १४३३ आणि १५८२. छिंगसाठी १८२० आणि १९०८.

६६९ घ्या. आदल्याच वर्षी थांग सैन्याने ईशान्येकडचं, कोरियात पसरलेलं कोगुर्यो राज्य जिंकलं होतं आणि पश्चिमेला पार इराणच्या दिशेपर्यंत नावापुरते सुभे नेमले होते. पुढच्याच वर्षी, ६७० मध्ये, तिबेट्यांनी थांग सैन्याचा मोठा पराभव केला आणि पश्चिमेकडची ठाणी गेली. नकाशात दिसतो तो विस्तार फारच थोडा काळ टिकला. शाळेत मात्र हेच पान ‘थांग साम्राज्य’ म्हणून लक्षात राहतं, ८२० चं आक्रसलेलं पान नाही.

१४३३ त्याहून बोलकं आहे. मिंग सम्राटांनी अमूर नदीच्या मुखाजवळ, आजच्या रशियात, नुर्गान इथे लष्करी कार्यालय स्थापलं होतं, आणि १४३३ मध्ये तिथे दुसरा शिलालेख कोरला गेला. पुढच्या एक-दोन वर्षांत ते ठाणं सोडून दिलं. म्हणजे प्रमाण वर्ष निवडलं ते अमूरवरचा दावा संपायच्या ऐन आधीचं. दुसरीकडे व्हिएतनाम मिंगांनी १४२७ मध्येच सोडलं होतं, त्यामुळे १४३३ च्या नकाशात ते नाही. १९६० च्या दशकात हनोई मित्र होतं आणि मॉस्को शत्रू. या वर्षाने अमूर ठेवलं आणि हनोई वगळलं.

१०. तिबेट या ॲटलासात कधीपासून ‘चीन’ आहे?

प्रश्न ८ च्या व्याख्येनुसार कायमच. पण तपशील साध्या प्रचारापेक्षा गुंतागुंतीचा आहे. थांग काळाच्या नकाशांत तिबेटी साम्राज्य वेगळ्या रंगात, थांगपासून स्पष्टपणे अलग दाखवलं आहे. थांग राजकन्या वनचंग तिबेटच्या राजाला दिली म्हणून तिबेट थांगच्या ताब्यात आला, हा शाळकरी युक्तिवाद थान यांनी १९८१ च्या भाषणात थेट नाकारला. त्यांच्या मते तिबेट थांगचा भाग नव्हता, चीनचा मात्र होता. वाक्य तर्काला घट्ट धरून आहे, पण तर्क उभा आहे तो अठराव्या शतकातल्या सीमेवर.

मिंग काळाचं पान जास्त आक्षेपार्ह आहे. मिंग दरबार तिबेटी लामांना पदव्या देत असे, भेटी स्वीकारत असे. ल्हासात त्यांचे अधिकारी, करवसुली किंवा सैन्य नव्हतं. तरी नकाशात मध्य तिबेट मिंगच्या रंगात आहे, जणू तो एखादा प्रांतच. पदवी देणं म्हणजे राज्य करणं असेल, तर जगातल्या बऱ्याच नकाशांचे रंग बदलावे लागतील.

११. अक्साई चीन आणि अरुणाचलबद्दल हा ॲटलास काय दाखवतो? तो पुरावा म्हणून चालतो का?

छिंग खंडात सीमा हिमालयाच्या दक्षिण पायथ्याच्या बाजूने जाते, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाचा मोठा भाग आत येतो. अक्साई चीनही आत आहे. बीजिंगच्या अधिकृत दाव्याशी ही रेषा जुळते. पण तो पुरावा नाही. या डोंगराळ पट्ट्यात १८२० मध्ये आखलेली सीमाच नव्हती. तवांगच्या मठाचा ल्हासाशी धार्मिक आणि महसुली संबंध होता हे खरं. सियांग किंवा सुबनसिरी खोऱ्यातल्या आदी, न्यिशी लोकांवर छिंग अंमल होता, हे त्यातून निघत नाही. नकाशात दोन्हीला एकच रंग.

यात एक गोष्ट बऱ्याचदा मिसळली जाते. १९५४ मध्ये बीजिंगमध्ये चीनच्या आधुनिक इतिहासाचं एक छोटं पुस्तक निघालं. त्यात ‘साम्राज्यवाद्यांनी बळकावलेले प्रदेश’ दाखवणारा नकाशा होता, आणि त्यात नेपाळ, भूतान, सिक्कीम, आसाम, ब्रह्मदेश, व्हिएतनाम, कोरिया असं सगळंच होतं. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय वृत्तपत्रांतून तो खूप फिरला. थान यांच्या ॲटलासाशी त्याचा संबंध नाही, आणि थान यांची चौकट त्याच्यापेक्षा कितीतरी आटोपशीर आहे. दोन्हींना एकाच माळेत ओवणं अन्यायाचं होईल.

नेहरूंनी ऑक्टोबर १९५४ मध्ये बीजिंगला चिनी नकाशांचा विषय काढला, तेव्हा हे जुन्या राजवटीचे नकाशे आहेत, सुधारायला वेळ झालेला नाही, असं चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय म्हणाले, असं नेहरूंनी डिसेंबर १९५८ च्या पत्रात नमूद केलं आहे. जानेवारी १९५९ च्या चौ यांच्या उत्तरात सूर बदलला: सीमा औपचारिकपणे कधी आखलीच गेलेली नाही. ‘जुना नकाशा आहे’ हे वाक्य मुत्सद्द्यांना किती सोयीचं पडतं, ते या पत्रांत दिसतं.

१२. रशियाशी भांडण आणि ॲटलास यांचा खरंच संबंध होता?

होता. जुलै १९६४ मध्ये माओंनी जपानी पाहुण्यांसमोर म्हटलं की शंभर वर्षांपूर्वी बैकाल सरोवराच्या पूर्वेचा प्रदेश रशियाने घेतला आणि त्याचा हिशेब चीनने अजून मांडलेला नाही. १८५८ आणि १८६० च्या तहांनी अमूरच्या उत्तरेचा आणि उसुरी नदीच्या पूर्वेचा प्रदेश गेला होता. मार्च १९६९ मध्ये उसुरीतल्या झेनबाओ बेटावर दोन्ही सैन्यांत गोळीबार झाला. ॲटलासचं रखडलेलं काम त्याच वर्षी पुन्हा हाती घेतलं गेलं, हे लक्षात घ्या. छिंग खंडात सखालिन बेट आणि अमूरचा उत्तर किनारा चिनी नावांसह येतात.

मॉस्कोनेही स्वस्थ बसायचं नाकारलं. १९७२ च्या अखेरीस सोव्हिएत अतिपूर्वेतली चिनी वळणाची नावं बदलण्यात आली: इमानचं दाल्नेरेचेन्स्क झालं, सुचानचं पार्तिझान्स्क. दोन कम्युनिस्ट राज्यं एकमेकांविरुद्ध स्थळनामांनी लढत होती.

१३. थान छीश्यांग पक्षाचे हस्तक होते का?

असं म्हणणाऱ्यांनी त्यांची टिपणं वाचावीत. नदीने पात्र बदललं, जिल्ह्याचं ठाणं हललं, एकाच नावाची चार गावं निघाली, अशा प्रत्येक ठिकाणी त्यांनी मूळ ग्रंथांशी झुंज घेतली आहे. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना जाहीर निंदासभांना तोंड द्यावं लागलं. पुन्हा कामाला बसवलं तेही प्रचार-पथकांच्या देखरेखीखाली. १९७८ मध्ये पक्षाघात झाला, त्यानंतरही बरीच वर्षं ते या विषयावर काम करत राहिले. १९९२ मध्ये ते वारले. सीमांचा प्रत्येक निर्णय त्यांच्या हातात नव्हता. आधुनिक सीमांशी जिथे संबंध आला तिथे सरकारची मंजुरी लागे. चौकट मात्र त्यांना मनापासून पटलेली होती, असं त्यांच्या लेखनावरून दिसतं. प्रामाणिक विद्वान आणि सत्तेला सोयीची चौकट, हे एकत्र असू शकतं. मला तर तेच जास्त अस्वस्थ करतं.

१४. सगळेच देश असं करतात. कम्युनिस्टांवरच बोट का?

पहिलं वाक्य बरोबर आहे. तैवानला गेलेलं चिनी सरकार कट्टर कम्युनिस्टविरोधी होतं, तरी त्याच्या नकाशांत कित्येक दशकं बाह्य मंगोलिया चीनचाच राहिला. दक्षिण चीन समुद्रातली तुटक रेषाही मुळात त्याच सरकारने १९४७ मध्ये काढलेली. आपल्याकडे १९६१ च्या कायद्यानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. १९५४ पर्यंतच्या आपल्या अधिकृत नकाशांत अक्साई चीनची सीमा ‘अनिश्चित’ म्हणून दाखवली जात होती. त्यानंतर अखंड रेषा आली.

आणि घरचंच विचारायचं तर मराठी वाचकाने १७५८ चा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. अटकेपार झेंडे लागले ही खरी घटना आहे आणि तिचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण एप्रिल १७५८ मध्ये लाहोरला पोचलेला मराठी अंमल १७५९ च्या अखेरीस अब्दालीने पंजाबातून उठवला. सिंधूपासून कटकपर्यंत एकाच भगव्या रंगात रंगवलेलं पान हे थांगच्या ६६९ च्या पानाचं भावंडच आहे. चौथाई देणारा प्रदेश आणि पेशव्यांच्या कमाविसदाराने कारभार पाहिलेला प्रदेश एकाच रंगात येतात.

फरक आहे तो दुसऱ्या नकाशाच्या हक्काचा. पुण्यातला इतिहासकार मराठी सत्तेचा वेगळा नकाशा काढून छापू शकतो, त्यावर वाद घालू शकतो. १९७० च्या चीनमध्ये किंवा १९५० च्या रशियात तो छापखान्यापर्यंत पोचलाच नसता. आधुनिक सीमांबाबत आपल्याकडेही हा हक्क अपुरा आहे, हे वरच्या कायद्यावरून कळावं.

१५. असा ॲटलास पुढे खुद्द सरकारलाच अडचणीचा ठरला, असं कधी झालं आहे का?

झालं आहे. कोगुर्यो हे प्राचीन राज्य आजच्या चीनच्या ईशान्येत सुरू झालं आणि ४२७ मध्ये त्याने राजधानी प्याँगयांगला हलवली. थान यांची भूमिका अशी होती की राजधानी हलल्यानंतरचं कोगुर्यो शेजारचं राज्य मानावं. पण २००२ मध्ये चिनी सामाजिक शास्त्र अकादमीने ‘ईशान्य प्रकल्प’ हाती घेतला आणि पूर्ण कोगुर्यो म्हणजे चीनचं स्थानिक राज्य, अशी मांडणी पुढे आली. दक्षिण कोरियात संतापाची लाट उठली, २००४ मध्ये तिथे कोगुर्यो संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. आता जुना अधिकृत ॲटलासच नव्या दाव्याच्या आड येतो.

कोरियन अभ्यासकांचा याच ॲटलासवर उलटा आक्षेपही आहे: छिन काळाची (हे छिंगहून वेगळं, फार प्राचीन राजघराणं) मोठी भिंत त्याने उत्तर कोरियाच्या आत खेचली आहे. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत.

१६. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. हा ॲटलास वापरू की टाळू?

वापरा. चीनच्या इतिहासावर गंभीर काम करणारा कोणीही तो टाळू शकत नाही. हान काळातला एखादा जिल्हा नेमका कुठे होता हे शोधायला त्याच्याइतकं भरवशाचं साधन नाही. पान उघडल्यावर आधी प्रमाण वर्ष पाहा आणि त्याच्या मागचीपुढची वीस वर्षं वाचून काढा. मग सूची पाहा: रंग अंमल दाखवतो की नुसता मान? सीमारेषेचा उपयोग करण्याआधी ती प्रश्न ८ मधल्या आकृतीची तर नाही ना, हे तपासा.

एकाच प्रमाण वर्षाच्या अडचणीवर बराच चांगला उपाय निघाला आहे. २००१ मध्ये हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांनी मिळून चीनच्या ऐतिहासिक भूगोलाची संगणकीय माहितीप्रणाली सुरू केली. पाया थान यांच्याच कामाचा, पण इथे प्रत्येक स्थळाला आरंभवर्ष आणि अंतवर्ष आहे. कोणतंही वर्ष विचारा, त्या वर्षाचे जिल्हे समोर येतात. सर्वोच्च विस्ताराचं एकच पान सगळ्या काळाच्या वतीने बोलत नाही.

१७. आता सगळे नकाशे पडद्यावर आले. ऐतिहासिक नावांचं राजकारण संपलं का?

नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनच्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाने नियम केला की रशियातल्या आठ ठिकाणांची जुनी चिनी नावं नकाशांत कंसात द्यावीत. व्लादिवोस्तोकसोबत ‘हायशनवाय’ त्यात आहे. रशियाशी सीमाकरार पूर्ण होऊन पंधरा वर्षं झाल्यावर हा नियम आला. अरुणाचलातल्या ठिकाणांना ‘प्रमाणित’ चिनी नावं द्यायला २०१७ मध्ये सुरुवात झाली: तेव्हा ६, २०२१ मध्ये १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३०. त्यांत वस्त्या आहेत, डोंगर आहेत, नद्या आहेत, खिंडी आहेत. पन्नास वर्षांनी कोणी या काळाचा ऐतिहासिक ॲटलास बनवायला बसेल, तेव्हा या याद्या त्याच्यासमोर समकालीन दस्तऐवज म्हणून येतील. म्हणून ज्या गावांची ही नावं आहेत तिथल्या मोन्पा, आदी, मिश्मी लोकांची स्वतःची स्थळनामं त्यांच्याच तोंडून, तारखेसकट आजच नोंदवून ठेवणं फार तातडीचं आहे.